टेकडीवरची खरखर आणि मी

सोमवार, ३ मार्च

टेकडीवरच्या टॉवरचा समन्वयक म्हणून आज माझी एकमताने निवड झाली. निवड झाली तेव्हा मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर टाळ्या.

टॉवर एक, बिऱ्हाडं चार: अँब्युलन्सवाले, टॅक्सी कंपनी, गाण्यांचं रेडिओ स्टेशन आणि आमचा हौशी रेडिओ क्लब. क्लबचा अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सध्या हजर असलेला सभासद मीच. पाणीपुरवठा खात्यातली नोकरी नुसती पोटासाठी. खरा मी टेकडीवर असतो.

तक्रार अशी. अँब्युलन्सच्या रिपीटरमध्ये मध्येच खरखर घुसते. रिपीटर म्हणजे इकडचं बोलणं उचलून तिकडे मोठ्याने सांगणारं यंत्र. आमच्या बिल्डिंगमध्ये हे काम तिसऱ्या मजल्यावरच्या काकू विनायंत्र करतात. तर त्या खरखरीत टॅक्सीवाल्यांच्या गप्पा आणि रेडिओवरची गाणी यांचा काला होऊन येतो आणि ड्रायव्हरला पत्ताच ऐकू येत नाही. कंट्रोलरूमच्या बाई म्हणाल्या, एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल. मी म्हणालो, बाई, शनिवारपर्यंत बंद करून दाखवतो. सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, कुठल्या शनिवारपर्यंत?

संकल्प: कुणावरही आधीपासून संशय घ्यायचा नाही. थंड डोक्याने एकेक शक्यता तपासायची.

जेवणानंतर: टॅक्सीवाल्यांचंच काम आहे.

बुधवार, ५ मार्च

अर्धी रजा टाकून टेकडीवर. वारा सॉलिड. टॉवरखालच्या खोलीत चार लोखंडी कपाटं, चार पंखे, चौघांच्या वायरींचा एकच गुंता. टॅक्सी कंपनीचा इंजिनिअर आधीच येऊन बसलेला. हा माणूस उन्हाळ्यातही खिसेच खिसे असलेलं जाकीट घालतो. मी मनातल्या मनात त्याला जाकीटच म्हणतो. गाण्यांच्या स्टेशनचे काकाही आले होते. कान जरा कमी आहेत, पण स्वभावाने गोड. बाई कंट्रोलरूममध्ये ऐकत बसल्या होत्या, मी त्यांच्याशी फोनवर.

माझी पद्धत सोपी. एकेकाला बंद करायचं. टॅक्सीवाल्यांचा ट्रान्समीटर बंद केला. बाई म्हणाल्या, गेली खरखर! मी जाकिटाकडे नुसतं पाहिलं. बोललो काही नाही. मोठेपणा असाच दाखवायचा असतो.

तर जाकीट म्हणतो, आता माझा चालू करा आणि काकांचा बंद करा. केला. बाई म्हणाल्या, आत्ताही नाहीये.

जाकिटाचं म्हणणं, दोष एकट्याचा नाही. दोघांचे सिग्नल टॉवरवर एखाद्या गंजलेल्या सांध्यात एकत्र येतात आणि त्यातून तिसरंच काहीतरी जन्माला येतं. ते नेमकं अँब्युलन्सच्या चॅनेलवर पडतं. मी म्हणालो, पुस्तकात असेल असं. तो म्हणाला, हो, पुस्तकातच आहे. उद्धट.

अहवाल लिहिला. पहिला प्रयोग सविस्तर घेतला. दुसऱ्याने वाचणाऱ्याचा गोंधळ उडाला असता म्हणून गाळला.

शनिवार, ८ मार्च

खरखर चालू. हिने सोमवारी विचारलेला प्रश्न किती मुद्द्याचा होता हे आज कळलं. शनिवार कुठला ते मी सांगितलेलंच नाही.

सोमवार, १० मार्च

विजय! माझ्या तगाद्यापुढे टॅक्सी कंपनीने हात टेकले. नवीन फिल्टर बसवला. पिंपाएवढा तांब्याचा डबा आहे. सकाळपासून एकदाही खरखर नाही. हवा एकदम पडलेली, झाडाचं पान हलत नाही, त्यात ही शांतता. बाईंना फोन करून अभिनंदन स्वीकारायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, दोन दिवस बघू या ना. काही लोकांना आनंद पचत नाही.

जाकिटाला मोठ्या मनाने माफ केलं. त्याला कळवायचं राहिलं.

ऑफिसात बिस्किटं वाटली.

मंगळवार, ११ मार्च

खरखर चालू.

याला अपयश म्हणता येणार नाही. काल चालू नव्हती, म्हणजे बंद होऊ शकते हे सिद्ध झालं.

बाई म्हणाल्या, मला वाटतं वारा सुटला की येते. मी हसलो. त्यांना समजावलं की बाई, वाऱ्याला फ्रिक्वेन्सी नसते. त्या म्हणाल्या, नसेल, पण मी खिडकीशी बसते, मला झाड दिसतं. झाड हललं की गाणी सुरू. मी म्हणालो, योगायोग. अशा वेळी तज्ज्ञाने संयम सोडायचा नसतो.

शुक्रवार, १४ मार्च

नवी दिशा. गुन्हेगार टॉवरवर नसून गावात आहे! दिशा दाखवणारा अँटेना घरीच तयार केला. ज्या बाजूला धरल्यावर खरखर वाढेल, त्या बाजूला चोर. साहित्य: पडद्यांचे रॉड, झाडूचा दांडा, जुनी वायर. काम इतकं सुबक झालं की ही बघतच राहिली. नंतर म्हणाली, आणि पडदे? खालच्या मजल्यावरचे लोक दुपारभर आमच्या हॉलमध्ये बघत होते म्हणे. बघू देत. लपवण्यासारखं आपल्याकडे काय आहे?

संध्याकाळी अँटेना खांद्यावर, कानाला हेडफोन, असा निघालो. बेकरीशी खरखर वाढली. शिंप्याच्या दुकानाशी आणखी वाढली. दातांच्या दवाखान्यासमोर तर कानठळ्या. आत शिरलो. वेटिंगमध्ये चौघं बसली होती, मला बघून दोघं उठून गेली. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, तुमचं मशीन बंद करा. त्या म्हणाल्या, बसा, आ करा. मी म्हणालो, अहो तसं नाही. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात.

मशीन बंद केल्यावरही खरखर होतीच. पण खालची डावी दाढ किडली होती हे खरं निघालं. म्हणजे फेरी फुकट गेली नाही.

शनिवार, १५ मार्च

गाल सुजलाय. शोधकार्य स्थगित. हा शनिवारही नव्हे.

मंगळवार, १८ मार्च

आज विनोद सुचत नाही.

सकाळी वाऱ्यात बाईंनी अँब्युलन्सला पत्ता सांगितला. ड्रायव्हरला ऐकू आलं ते इतकंच: पाण्याच्या टाकीजवळ, पिवळं घर. पुढचं सगळं गाण्यात बुडालं. टाकीजवळ पिवळी घरं दोन आहेत. गाडी पहिल्याच्या दारात गेली. तिथल्या आजोबांना जबरदस्तीने झोपवून रक्तदाब तपासला. ते ओरडत होते, मला काही झालेलं नाही. दुसऱ्या घरात एक बाळंतीण वाट बघत होती. टॅक्सीच्या चॅनेलवर कुणीतरी हे सांगितलं, ते ऐकून एका टॅक्सीवाल्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं. दारात पोचता पोचता मुलगी झाली. दोघी सुखरूप.

सुखरूप हा शब्द मी बाईंकडून दोनदा वदवून घेतला.

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाल्या, साहेब, मी चारदा पत्ता सांगितला हो. चारदा. घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, त्या बाई वाऱ्याचं काय म्हणत होत्या ते एकदा नीट ऐकून तर घ्या.

संकल्प: ऐकून घ्यायचं.

गुरुवार, २० मार्च

ऐकून घेतलं आणि त्यावर स्वतंत्र विचार केला. अंघोळ करताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाऱ्याने हलणारं काहीतरी, तेही गंजलेलं. गंजलेल्या सांध्याची ही कल्पना आजवर कुणालाच कशी सुचली नाही?

आणि टेकडीवर सगळ्यात गंजलेलं, सगळ्यात हलणारं काय? कुंपण!

जाकिटाला फोन केला. तो म्हणाला, कुंपणही असू शकतं, पण आधी टॉवर तपासू. हा माणूस नेहमी पणच लावतो. समन्वयकाच्या अधिकारात दुपारीच दोन मजूर घेऊन कुंपण उतरवलं. खाली तारांचा ढीग पडला तेव्हा छाती भरून आली.

शुक्रवार, २१ मार्च

टेकडीवर शेळ्या.

कुंपण कशासाठी होतं हे आज समजलं. वीसेक शेळ्या टॉवरभोवती आरामात चरत होत्या. एक तर खोलीच्या पायरीवर बसून रवंथ करत होती, जणू समन्वयक तीच. केबल कुरतडलेली. चौघांच्या केबली शेजारी शेजारी असून त्यांनी नेमकी आमच्या क्लबचीच निवडली. दर्जा जनावरालाही कळतो.

शेळ्यांची मालकीण आली. मला वाटलं माफी मागेल. ती म्हणाली, माझ्या शेळीला काही झालं तर बघा. वायर खाल्लीये तिने तुमची. मीच माफी मागितली.

आमच्या क्लबचा रिपीटर बंद. खरखर चालू. म्हणजे आमचा दोष नाही, हे मात्र आता कुणी नाकारू शकत नाही.

रविवार, २३ मार्च

कुंपण पुन्हा बसवलं. मजूर तेच. माझ्याकडे बघून आपसात हसत होते, हवा छान होती म्हणून असेल.

मंगळवार, २५ मार्च

आज सगळ्यांना एकत्र आणलं. खरं तर जाकिटाने बोलावलं, पण बोलावल्यावर मी लगेच हो म्हणालो, त्यामुळेच ते शक्य झालं.

जाकीट पट्टा बांधून टॉवरवर चढला. हातात लाकडी हातोडी. एकेक बोल्ट, एकेक क्लँप हलकेच ठोकायचा आणि बाईंनी कंट्रोलरूममध्ये ऐकायचं, अशी योजना. काका खाली दोरी धरून. मी फोन कानाला लावून बाईंचं बोलणं वर ओरडून सांगायचं. म्हणजे बघा, रिपीटरच.

शिवाय कुठे ठोकायचं ते मी बोटाने दाखवत होतो. जाकीट तिथे ठोकत नव्हता, पण दिशा देणं महत्त्वाचं.

बराच वेळ नुसतं ठक, ठक. बाई म्हणायच्या, काही नाही. मी ओरडायचो, काही नाही! माझी मान दुखायला लागली. मी म्हणणार होतो की आता खाली या, दुसरी कल्पना सुचली आहे. तेवढ्यात तो टॉवरच्या मध्यावर पोचला. तिथे एक जुना क्लँप होता. त्यावरचा अँटेना कोण जाणे कधी काढून नेला, क्लँप तसाच राहिला, गंजून लाल झालेला. कुणाचाच नव्हता म्हणून कुणी बघितलाच नव्हता. त्याने ठोकलं आणि फोनमध्ये बाई किंचाळल्या, आली! आली! पुन्हा मारा! त्याने पुन्हा मारलं. फोनमधून गाणं आणि टॅक्सीवाला दोघं एकदम माझ्या कानात. काकांनासुद्धा ऐकू आलं.

जाकिटाने क्लँप कापून खाली सोडला. मग पुन्हा सगळं ठोकून बघितलं. काही नाही. बाईंनी गाडीला एक पत्ता सांगितला, खोटाच, तपासण्यासाठी. ड्रायव्हरने तो अक्षर न् अक्षर परत म्हणून दाखवला.  फोनवर बाई म्हणाल्या, किती दिवसांनी हो.

मला डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं वाटलं. वर बघत होतो इतका वेळ, गंज पडला असणार.

खाली आल्यावर जाकिटाला थर्मासमधला चहा मीच ओतून दिला. त्याने जाकीट काढलं होतं. बिनजाकिटाचा माणूस बरा वाटतो. तो म्हणाला, बाईंच्या वाऱ्यामुळे सापडलं. मी म्हणालो, सापडलं हे महत्त्वाचं, कुणामुळे यात आपण पडायला नको. नाहीतर मला माझं नाव घ्यावं लागलं असतं.

गुरुवार, २७ मार्च

दिवसभर वादळी वारा. चॅनेल आरशासारखं स्वच्छ. आठवडाभर लक्ष ठेवायला म्हणून बाईंनी मला अँब्युलन्सचा एक हातातला सेट दिला आहे. म्हणाल्या, फक्त ऐका. बटण दाबलं की तुमचं बोलणं सगळ्या गाड्यांना जातं. मी म्हणालो, बाई, मी या क्षेत्रातला आहे.

सोमवारी बैठक. सत्कार असावा. चार शब्द बोलावे लागतील. तयारी सुरू.

शनिवार, २९ मार्च, दुपार

हिच्याबरोबर गाडीने बाजारात. येताना कांद्याचं पोतं मागे मावेना म्हणून दोन सीटच्या मध्ये ठेवलं. ही माझ्याशी बोलत नव्हती. कारण पडदे.

बाईंचा फोन. अँब्युलन्सचं चॅनेल पूर्ण जाम! कुणीतरी बटण दाबून बसलंय, सोडतच नाही. नुसता गाडीच्या इंजिनाचा आवाज येतोय. त्या सगळं काम फोनवरून करतायत. मी म्हणालो, बाई, चोर संध्याकाळच्या आत तुमच्यासमोर उभा करतो. माझा फोन सायलेंटवर टाकला. शोधकार्यात व्यत्यय नको.

नशिबाने अँटेना आणि त्याचा रिसीव्हर डिकीत होता. ही अखेर बोलली. म्हणाली, कांदे घरी टाकू या आधी. मी म्हणालो, अगं जिवाचा प्रश्न आहे. मग वाटेत तिला सगळं समजावून सांगितलं. हे जाकिटाचंच काम असणार, माझं यश त्याला बघवत नाही. काका कानाने आणि अकलेने सारखेच. बाई चांगल्या आहेत, पण झाडाकडे बघून रेडिओ चालवतात. मी नसतो तर तिघांनी काय केलं असतं? सोमवारचं भाषणही म्हणून दाखवलं. ही म्हणाली, फार लांबलंय. मी शेवटचा भाग पुन्हा म्हणून दाखवला.

चौकाच्या पुढे, गाडी बाजूला घेऊन

हेडफोन लावला. चोर स्पष्ट ऐकू येतोय! पुरुष आहे. बोलतो फार. आवाज घोगरा, कानाला त्रास होतो, शिकलेला वाटत नाही. बरोबर त्याची बायकोही आहे. ती त्याला म्हणत होती, अहो, डावीकडे वळा. घरोघरी तेच. क्षणभर त्याच्याबद्दल सहानुभूती वाटली.

अँटेना खिडकीतून बाहेर काढून फिरवला. चारी दिशांना सारखाच जोर. असं कधीच झालं नव्हतं.

टेकडीच्या रस्त्यावर

इथेही तेवढाच जोर. निष्कर्ष: चोर आमच्याबरोबर हलतोय. आमच्या पाठलागावर आहे! मागे बाजारापासून दुधाची व्हॅन आहे. गाडी आडवी घालून तिला थांबवलं. दूधवाल्याला म्हणालो, बटण सोड. तो म्हणाला, कुठलं? हेडफोनमधून तोच घोगरा आवाज माझ्याच कानात ओरडला, बटण सोड.

मी दूधवाल्याकडे बघत राहिलो. त्याचे ओठ मिटलेले होते.

तेवढ्यात हिचा फोन वाजला, बाईंचा. तिने नुसतं हो, हो, बरं असं म्हटलं आणि फोन ठेवला. मग कांद्याचं पोतं दोन्ही हातांनी उचललं. खाली माझा सेट होता, बटण दबलेलं.

पोतं उचलल्याबरोबर चॅनेल मोकळं झालं. मग बाईंचा आवाज आला, शांत, स्वच्छ, अक्षर न् अक्षर कळेल असा. सगळ्या गाड्यांना सूचना, चॅनेल मोकळं झालं आहे. साहेब सापडले.

सोमवार, ३१ मार्च

बैठक झाली. शनिवारी कुणाचं काही अडलं नाही, सगळे निरोप फोनवरून वेळेत गेले, हे बाईंनी आधीच सांगितलं. माझा चेहरा बघून सांगितलं असावं. काका म्हणाले, मी टेकडीवरच्या खोलीत पूर्ण ऐकलं, आमच्या दुपारच्या कार्यक्रमापेक्षा रंगलं होतं. कानाचं आणि अकलेचं ते काहीच बोलले नाहीत. नुसते हसत होते. जाकीट म्हणाला, भाषण चांगलं होतं, शेवट दोनदा झाला एवढंच. मी त्याची माफी मागितली. लहानच मागितली, पण मागितली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

नवा समन्वयक जाकीट. सेट परत केला. भाषणाची गरज पडली नाही, सगळ्यांनी ऐकलेलंच होतं.

येताना चौकात लाल दिव्याला थांबलो होतो. शेजारी अँब्युलन्स येऊन उभी राहिली. रिकामी होती. ड्रायव्हरने काच खाली केली, हसून नमस्कार केला आणि म्हणाला, अहो, डावीकडे वळा.

मला सरळ जायचं होतं. वळलो.